न सापडलेला विषाणू

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की तिची आई म्हणे, "डॉक्टर आहे. पण घरात कुणाला ताप आला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागतं." यात तक्रार नसे. आपली मुलगी रोग्यांना तपासत नाही, रोग कसा पसरतो ते तपासते, हे आईला केव्हाच कळलं होतं. चार बायकांत ते समजावून सांगायचा तिला कंटाळा यायचा, एवढंच.

एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळी हे मुलीचं काम होतं. कुणाला लागण झाली, कुणाला झाली नाही आणि या दोघांच्या जगण्यात फरक काय, या शोधात तिची वीस वर्षं गेली होती. या कामात माणसाबद्दल फार वाटून घेतलं तर मोजणी चुकते, असं तिचं मत होतं. तिच्याबरोबर काम करणारे तिला कोरडी म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे.

शहरातल्या एका डायलिसिस सेंटरमधून तिला बोलावणं आलं. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येत आणि चार-चार तास मशीनला जोडून घेऊन आपलं रक्त धुऊन नेत. काविळीसाठी सगळ्यांची ठरावीक काळाने रक्ततपासणी होई. या खेपेला नऊ जणांच्या रक्तात सी काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस सीचा, विषाणू निघाला. आधीच्या खेपेला तो एकाच्याच रक्तात होता. एकाचे नऊ झाले, म्हणजे काहीतरी इथेच घडलं होतं.

ती रक्त घ्यायच्या नळ्यांची पेटी घेऊन गेली आणि पहिले दोन दिवस एका स्टुलावर नुसती बसून राहिली. लांबट हॉल होता, दहा पलंग, प्रत्येकाच्या उशाशी एक मशीन. जंतुनाशकाचा व्हिनेगरसारखा वास सगळीकडे भरून राहिलेला. दाराशी वजनकाटा होता. आत येणारा प्रत्येक जण त्याच्यावर उभा राहून आपण किती पाणी प्यायलो याचा जबाब दिल्यासारखं तोंड करी. पाणी मोजूनच प्यायचं असल्यामुळे बरेच जण बर्फाचा खडा गालात धरून पडलेले असत.

खिडकीजवळच्या शेवटच्या पलंगावर मास्तर असत, त्या नऊ जणांपैकी एक. त्यांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा होती आणि अर्धं शहर गाडी चालवायला त्यांच्याच हाताखाली शिकलेलं होतं. हात मशीनला जोडलेला असला तरी नजर खालच्या चौकावर असे.

"तो पांढऱ्या गाडीवाला बघा," ते तिला म्हणाले. "वळायचंय उजवीकडे आणि दिवा डावीकडचा. माझाच विद्यार्थी आहे. लाज वाटते."

शेजारचा पेशंट हसला. "मास्तर, तुमचा विद्यार्थी कोण नाही ते सांगा. अपघात झाला की दोन्ही बाजूंनी तुमचंच नाव निघतं."

सेंटर चालायचं ते मोठ्या सिस्टरांच्या जिवावर. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, आवाज बारीक, पण हात असा हलका की पेशंट त्यांच्याकडूनच सुई टोचून घ्यायला थांबून राहत. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून प्रत्येकाला सुरुवातीला रक्त पातळ ठेवणारं औषध द्यावं लागे. ते एका मोठ्या बाटलीतून भरलं जाई. बाटली ट्रॉलीवर असे आणि ट्रॉली पलंगापलंगाने फिरे.

दुसऱ्या दिवशी एका पेशंटला दिलेला डोस कमी पडला. सिस्टरांनी त्याच सिरिंजची सुई काढून टाकली, नवी लावली आणि पुन्हा बाटलीत घातली.

ती उठून ट्रॉलीपाशी गेली.

"सिस्टर, कमी पडलं की नेहमी असंच करता?"

"हो. सुई बदलते ना मी."

"सिरिंज तीच राहते."

"पण सुई नवीन आहे, मॅडम," सिस्टर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. मग त्या बोलता बोलता थांबल्या. हातातली सिरिंज त्यांनी उजेडाकडे धरली. तिच्यात काही दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं. सी काविळीच्या विषाणूला डोळ्याला न दिसणारा रक्ताचा अंश पुरतो. तो सिरिंजमध्ये राहतो, तिथून बाटलीत जातो आणि बाटलीतून पुढच्या पलंगावर.

"आधी छोट्या बाटल्या यायच्या," सिस्टर हळूच म्हणाल्या. "एका पेशंटला एक. मग बंद झाल्या. मी मागणी केली होती. म्हणाले, मोठीत भागवा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला असंच शिकवलं होतं."

ती मोठी बाटली त्याच दिवशी ट्रॉलीवरून गेली.

रक्तातून एक आजार पसरला असेल तर त्याच वाटेने दुसरेही गेले असतील, म्हणून तिने सगळ्या पेशंटांची आणि कर्मचाऱ्यांची एचआयव्हीची तपासणी करायचं ठरवलं. प्रत्येकाला समजावून, विचारून रक्त घेतलं. मास्तर म्हणाले, "माझी इथे येण्याआधीच झालेली आहे." ती म्हणाली, "सगळ्यांचीच परत करतेय." त्यांनी एकदा खालच्या चौकाकडे बघितलं आणि मोकळा हात पुढे केला.

तपासणीत एचआयव्हीच्या खुणा एकाच्याच रक्तात निघाल्या. मास्तरांच्या.

सेंटरमध्ये बंद दाराची खोली एकच होती, सामानाची. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये दोन खुर्च्या टाकून तिने त्यांना ते सांगितलं. असं सांगायची वेळ तिच्यावर अनेकदा आली होती. माणसं रडतात, रिपोर्ट चुकला म्हणतात, किती दिवस उरले विचारतात, कुणाला कळेल विचारतात. मास्तरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी विचारलं, "माझं इथलं डायलिसिस बंद करतील का?"

"नाही. तसं करता येत नाही कुणाला."

"बरं." मग जरा घाईने ते म्हणाले, "म्हणजे हेही इथूनच. काविळीसारखं. त्याच बाटलीतून."

"ते इतक्यात सांगता येणार नाही. अजून एक तपासणी आहे, रक्तात विषाणू किती आहे ते मोजायची. आणि तुमच्या पत्नीची तपासणी करावी लागेल."

"तिला मी सांगतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी सांगितलं, पण आपल्या पद्धतीने. त्यांच्या पत्नीचं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. सगळे त्यांना वहिनी म्हणत. दोन दिवसांनी वहिनी दुकान बंद करून थेट हॉलमध्ये आल्या आणि सिस्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही काय दिलंत, माहीत आहे का तुम्हाला?" त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मशिनांच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू गेला. "नुसती कावीळ नाही. एड्स दिलात. विश्वासाने हात पुढे करायचे ते तुमच्यापुढे."

मास्तर शेवटच्या पलंगावर डोळे मिटून पडले होते. सिस्टरांनी हातमोजे काढले, ते टाकायच्या डब्यात टाकले आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना रजेवर पाठवलं गेलं.

शहर काही फार मोठं नव्हतं. आठवड्याच्या आत ही गोष्ट भाजीबाजारापर्यंत पोचली. जेवताना आई म्हणाली, "त्या नर्सने लोकांना एड्स दिला म्हणतात. तू तिथेच जातेस ना?"

"जाते."

"मग खरं काय?"

"आई, भाजी वाढ."

"तू कधीच काही सांगत नाहीस."

"सांगणारी असते तर हे काम मला कुणी दिलं नसतं."

आईने भाजी वाढली. जरा जास्तच वाढली. रागावली की ती तसंच करी.

सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते सभ्य गृहस्थ होते आणि घाबरलेले होते. "अहवालात सिस्टरांचं नाव येऊ द्या," ते म्हणाले. "एक माणूस जबाबदार दिसला की प्रकरण मिटतं. माणसं परत यायला लागतील."

"माझ्या अहवालात नावं नसतात."

"मग काय असतं?"

"बाटली. ती का आली, कुणी मागवली आणि वापरताना कुणी बघत का नव्हतं, एवढं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. छोट्या बाटल्यांच्या मागणीवर नकाराची सही त्यांचीच होती आणि ते दोघांनाही माहीत होतं.

मग विषाणूच्या मोजणीचा निकाल आला. मास्तरांच्या रक्तात विषाणू सापडलाच नव्हता. तिने दुसऱ्या नळीतून मोजणी पुन्हा करून घेतली. पुन्हा तेच. शरीराने विषाणूशी झुंजल्याच्या खुणा रक्तात स्पष्ट होत्या, पण विषाणू मोजण्याइतकाही नव्हता. एखाद्याच्या शरीराला हे आपणहून जमतं, पण ते फार क्वचित. बाकी सगळ्यांना त्यासाठी गोळ्या घ्याव्या लागतात, रोज, न चुकता. म्हणजे मास्तर गोळ्या घेत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि हे काल-परवाचं नव्हतं.

तिने त्यांना फोन करून भेटायचं आहे म्हटलं. मास्तर म्हणाले, "सेंटरमध्ये नको. गाडीत बोलू."

शिकवण्याची गाडी होती ती. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. मास्तरांनी गाडी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीकडेला लावली आणि इंजिन बंद केलं. तिने मोजणीचा निकाल सांगितला आणि त्याचा अर्थही सांगितला.

"नऊ वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "गोळ्या दुसऱ्या शहरातून आणतो. घरी सांगतो, गाडीचे पार्ट आणायला चाललोय."

"इथे येण्याआधीच्या तपासणीत निघालं नाही ते कसं?"

"मूत्रपिंडं गेली तेव्हा दोन सेंटरांत खरं सांगितलं. एकाने जागा नाही म्हटलं, दुसऱ्याने मशीन नाही म्हटलं. दोन्ही होतं. मग तिसऱ्या वेळी धाकट्या भावाने माझ्या नावाने रक्त दिलं. त्याला म्हटलं, तू नाही म्हणालास तर मी पंधरा दिवसांत संपतो. त्याने काय करायचं?"

तिने कामाचं होतं ते विचारलं. काविळीच्या गोळ्या आता सगळ्यांनाच सुरू व्हायच्या होत्या आणि त्यांचं काही औषधांशी पटत नसे, तेव्हा ते नेमकं काय घेतात ते उपचार करणाऱ्यांना कळायला हवं होतं. मास्तरांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. तिने नाव वाचलं आणि परत केलं.

"मॅडम, एक विचारू?" मास्तर म्हणाले. "बाकी कुणाला?"

"काय?"

"माझ्यामुळे. बाटली तर तीच होती. एकाची कावीळ नऊ जणांपर्यंत गेली, तर माझं…" त्यांनी पाकीट खिशात घातलं. "दोन वर्षं मी त्या पलंगावर पडून बघत आलोय. कोण खोकतंय, कोण वाळत चाललंय. कुणी आठवडाभर दिसलं नाही तर मला जेवण जात नाही."

"कुणालाही नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं तपासलं. काविळीला जी वाट मिळाली तीच एचआयव्हीलाही मोकळी होती. पण तुमच्या रक्तात पसरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुम्ही गोळ्या चुकवल्या असत्या तर आज मी वेगळा अहवाल लिहीत असते. वहिनींचीही तपासणी झाली. त्यांना काही नाही."

मास्तरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. ते रडले की नाही हे तिला कळलं नाही, कारण ती खिडकीबाहेर बघत बसली. भिंतीवर कुणीतरी जुन्या जाहिरातीवर नवी जाहिरात चिकटवली होती आणि तीही अर्धी फाटली होती.

"वहिनींना खरं सांगा," काही वेळाने ती म्हणाली.

"ती जाईल सोडून."

"ते मला नाही सांगता येणार."

"तुम्ही सांगणार का तिला?"

"नाही. ते सांगायचा अधिकार मला नाही. पण इथे कुणालाही एचआयव्हीची लागण झाली नाही, हे मला लिहावं लागणार. ते खरं आहे आणि त्यावर सिस्टरांचं सगळं आयुष्य अवलंबून आहे. ते सेंटरच्या दारावर लावलं जाईल आणि वहिनी वाचतील."

"मग झालंच की."

"म्हणूनच म्हणते, त्याआधी तुम्ही सांगा."

मास्तर म्हणाले, बघतो. ते बघत राहिले. आठ-दहा दिवस गेले आणि सेंटरच्या दारावर अहवालातला तो भाग लागला.

त्याच दुपारी वहिनी तिच्या ऑफिसात आल्या. त्यांच्या हातात त्या कागदाची झेरॉक्स होती. समोर बसून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि तळव्याने सरळ केली.

"यात लिहिलंय की इथे कुणाला झालेला नाही."

"हो."

"आणि यांना आहे. हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही."

तिने ती झेरॉक्स हळूच वहिनींकडे सरकवली.

"मग आला कुठून?"

"हे त्यांनाच विचारावं लागेल, वहिनी. कुठल्याही पेशंटबद्दल मी बोलत नाही."

"पंचवीस वर्षं लोकांचे कागद माझ्या हातून जातायत," वहिनी म्हणाल्या. "घटस्फोटाचे, कर्जाचे, मृत्युपत्रांचे. मी कधी वाचत नाही, पण डोळ्यांना दिसतंच. जो बोलत नाही त्याच्या न बोलण्यातूनही कळतं." मग त्यांनी विचारलं, "मला का नाही झाला? एवढं तरी सांगता येईल?"

"तेही त्यांनाच विचारा. पण विचाराच," ती म्हणाली. वीस वर्षांत तिने याहून जास्त कुणाला सांगितलं नव्हतं, आणि एवढंही सांगायला नको होतं का याचा विचार ती नंतर बरेच दिवस करत राहिली.

वहिनींनी घरी विचारलं नाही. घरातून माणूस उठून जाऊ शकतो. त्यांनी मास्तरांना मशीन लागेपर्यंत वाट पाहिली. ती त्या दिवशी हॉलमध्येच होती, फेरतपासणीसाठी रक्त घेत. वहिनी शेवटच्या पलंगापाशी गेल्या, स्टूल ओढलं आणि पडदा लावून घेतला. आतून शब्द ऐकू येत नव्हते. एकदा मशीनचा भोंगा वाजला, नवीन आलेली नर्स धावली आणि पडद्याच्या फटीतून हात घालून बटण दाबून परत फिरली. मास्तरांनी मशीनला जोडलेला हात हलवला असेल.

डायलिसिस संपेपर्यंत वहिनी आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं. त्यांनी नर्सला विचारलं, "मोठ्या सिस्टर कुठे राहतात?"

त्या संध्याकाळी काय झालं ते सिस्टरांनीच पुढे कधीतरी तिला सांगितलं. वहिनी दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी एड्सबद्दल मी तुम्हाला जे बोलले ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. उद्या मी तिथे येऊन सगळ्यांसमोर हेच सांगणार. बाकीचं विचारू नका." आणि दुसऱ्या दिवशी, जिथे उभं राहून आरोप केला होता तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं. पेशंटांपैकी कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने फक्त मास्तरांना बर्फाचा डबा पुढे केला.

नऊच्या नऊ जणांना काविळीच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी सात जणांच्या रक्तातून विषाणू गेला, आठव्याचा दुसऱ्या खेपेला गेला, आणि एक म्हातारे गृहस्थ दरम्यान वारले, काविळीने नाही. मोठ्या डॉक्टरांची बदली झाली. छोट्या बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. सिस्टर कामावर परत आल्या, पण सुई टोचायचं त्यांनी सोडून दिलं. आता त्या सेंटरासेंटरांत जाऊन नर्सना शिकवतात. लाल शाई आणि स्वच्छ पाणी घेऊन त्या दाखवतात, सुई बदलली तरी पाण्यात रंग कसा येतो ते. दाखवून झालं की त्या सांगतात, "हे मीच करत होते."

तिचा शोधनिबंध छापून आला. छापण्यापूर्वी तपासणाऱ्याने प्रश्न विचारला होता, एचआयव्ही असलेला पेशंट त्याच बाटलीच्या वाटेवर होता, तर लागण का झाली नाही? तिने एका ओळीत उत्तर लिहिलं, की तो पेशंट नियमित उपचार घेत होता. संपादकाने ती ओळही थोडी छाटली.

वहिनी मास्तरांना सोडून गेल्या नाहीत. काही महिने मात्र त्यांच्याशी बोलल्या नाहीत. गाडीने सेंटरला आणून सोडत, न्यायला येत आणि वाटेत कुणी चुकीचं वळलं तरी मास्तरांना एकट्यालाच बडबडावं लागे. पुढे बोलायला लागल्या. मास्तर त्यानंतर दोन वर्षं जगले आणि एका सकाळी हृदय बंद पडून गेले.

नंतर एकदा ती कोर्टाच्या बाजूला गेली असताना वहिनींच्या दुकानाशी थांबली. वहिनींनी मशीन थांबवलं.

"ते म्हणायचे," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांना गाडीत काहीतरी सांगितलं होतं. त्यांच्यामुळे त्या खोलीतली माणसं वाचली, असं. मला वाटायचं, स्वतःची समजूत घालतायत."

"नाही. ते खरं होतं. तुमच्या बाबतीतही."

वहिनी थोडा वेळ काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "एकाच घरात राहून मला ती गोळी कधी दिसली नाही. आणि त्यांनी कधी चुकवली नाही. दोन्हीचा राग येतो, आणि मग येतही नाही."

तिच्या मागे एक वकील कागदांचा गठ्ठा घेऊन येऊन उभा राहिला होता. वहिनींनी त्याच्याकडे बघून विचारलं, "किती प्रती?"